आपल्या हाती बंदूक कशी आली?

इस्राएलातील आपल्या समाजाच्या घरांत अलीकडे एक वाद वारंवार ऐकू येतो. मुलगा बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज करू म्हणतो, आईला घरात शस्त्र नको असते, आणि कोपऱ्यात बसलेले आजोबा आपल्या जुन्या पहाऱ्याच्या रात्री सांगू लागतात. ७ ऑक्टोबर २०२३ च्या भीषण हल्ल्यानंतर थोड्याच महिन्यांत देशभरातून दोन लाखांहून अधिक नागरिकांनी असे अर्ज केले. त्यांत आपलीही मुले होती.

या वादात दोन वाक्ये हमखास येतात. कोणी म्हणतो, "आपण भारतातली साधी माणसे, आपला बंदुकीशी काय संबंध?" लगेच दुसरा म्हणतो, "वा! आपले पणजोबा सुभेदार होते, विसरलात काय?" आमच्या मते दोन्ही म्हणणी अर्धीच खरी आहेत. आपल्या समाजाच्या हाती बंदूक एकदाच आली नाही. ती निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या वाटांनी आली, आणि प्रत्येक वाटेने आलेल्या माणसाने तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले. आज परवान्याचा विचार करताना हा इतिहास आठवणे अगत्याचे आहे असे आम्हांस वाटते.

पहिली वाट पोटाची. कोकणच्या किनाऱ्यावर आपले वाडवडील तेलाचे घाणे चालवीत. शब्बाथच्या दिवशी घाणा बंद म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. घाणा आणि शेती हाच त्यांचा संसार होता. अठराव्या शतकात मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीचा जम बसला, तिला शिपाई हवे होते, आणि कुलाबा जिल्ह्यातल्या खेड्यांतून आपली माणसे होडीत बसून मुंबईस आली. मराठे आले, महार आले, तसेच आपणही आलो. दरमहा पगार, अंगावर गणवेश आणि म्हातारपणी पेन्शन, एवढे त्या काळी घाण्याच्या बैलामागे फिरून मिळणारे नव्हते.

त्या पहिल्या पिढीतले सर्वांत ठाऊक नाव म्हणजे शमुवेल यहेज्केल दिवेकर, ज्यांना सामाजी हसाजी म्हणत. कंपनीच्या पलटणीत ते नेटिव्ह कमांडंटच्या हुद्द्यापर्यंत चढले. म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. ते बेने इस्राएल आहेत हे कळताच सुलतानाच्या आईने त्यांचे प्राण वाचविण्यास सांगितले, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. तिच्यात इतिहास किती आणि श्रद्धा किती हा प्रश्न बाजूस ठेवू. सुटका झाल्यास देवाचे घर बांधीन असा त्यांनी नवस केला होता, आणि १७९६ मध्ये मुंबईत शाआर हारहमीम हे सिनेगॉग उभे राहिले. मस्जिद बंदर हे नाव याच 'जुन्या मशिदी'वरून पडले असे मानतात. म्हणजे मुंबईतले आपले पहिले प्रार्थनामंदिर एका शिपायाने बांधले. ही गोष्ट लहान नव्हे.

पण येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. आपल्या माणसांनी बंदूक घेतली ती शेजाऱ्याच्या भीतीने नव्हे. कोकणात कोणी आपली घरे जाळली नाहीत, कोणी आपल्या सणाच्या दिवशी दगड घेऊन दारी आले नाही. बंदूक ही नोकरीची वस्तू होती. ती पलटणीच्या कोठारातून मिळे आणि परत कोठारातच जाई. घरी येई तो पगार. पुढे सुभेदार, सुभेदार मेजर, सरदार बहादूर असे मान मिळवून आपली माणसे पेन्शनीत निघाली आणि पुणे, ठाणे, अहमदाबाद, कराची अशा ठिकाणी वस्ती करून राहिली.

सुरुवातीची बंदूक ही आतून गुळगुळीत नळीची मस्केट होती. शंभर वारांपलीकडे तिचा नेम म्हणजे नशीबच, म्हणून सगळी ओळ मिळून एकदम बार काढी. एकट्याच्या नेमबाजीला तिच्यात फारसा अर्थ नव्हता. रायफलीच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ जाते. १८५३ च्या एनफिल्ड रायफलीवर नऊशे वारांपर्यंतच्या खुणा होत्या. आता प्रत्येक शिपायाला अंतर ओळखणे, श्वास धरणे, हळूच चाप ओढणे शिकावे लागले, आणि चांदमारी हा पलटणीच्या जीवनाचा भाग झाला. याच एनफिल्डच्या काडतुसांना गायीची आणि डुकराची चरबी लावली आहे, या बातमीने १८५७ चा भडका उडाला. डुकराच्या चरबीचा प्रश्न आपल्याही धर्माचा होता, हे आपण सहसा विसरतो.

मग हे दार बंद का झाले? आपण भित्रे होतो म्हणून नव्हे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्यावाचून बंदूक बाळगणे अशक्य केले. त्यानंतर सरकारने काही जाती 'लढवय्या' ठरविल्या आणि १८९० नंतरच्या काळात एकेका जातीच्या वेगळ्या कंपन्या करण्याचे धोरण मुंबईच्या सैन्यात आणले. ज्यांच्या पराक्रमाची नोंद सरकारदप्तरी होती त्या महारांची भरतीही याच सुमारास थांबली. आपली संख्या तर इतकी थोडी की आपली स्वतंत्र कंपनी होणे शक्यच नव्हते. त्यातच मुले इंग्रजी शिकू लागली होती. बंदूक गेली आणि तिच्या जागी लेखणी आली. सुभेदाराचा नातू रेल्वेत, टपालात, कस्टममध्ये कारकून झाला, नात शाळेत शिक्षिका किंवा इस्पितळात नर्स झाली. दोन पिढ्यांत आपण 'शांत स्वभावाचे लोक' म्हणून ओळखले जाऊ लागलो आणि आपल्यालाही ते खरे वाटू लागले.

दुसरी वाट भीतीची. आपण लेखणी हाती घेत होतो त्याच सुमारास रशियातले आपले बांधव बंदूक शोधीत होते. एप्रिल १९०३ मध्ये किशिनेव्ह शहरात जमावाने यहुद्यांची कत्तल केली. त्याच वर्षी होमेल गावात यहुदी तरुणांनी मिळेल ते हत्यार घेऊन स्वसंरक्षणाची पथके उभी केली. त्यांतल्याच काही विचारांचे, काही अनुभवांचे लोक एरेत्स इस्राएलला आले. १९०७ मध्ये 'बार गिओरा' आणि १९०९ मध्ये 'हाशोमेर' या संघटना निघाल्या. वसाहतींचा पहारा परक्याने नव्हे, यहुद्यानेच करावा, हा त्यांचा आग्रह होता. पुढे १९२० मध्ये 'हागाना' आली. १९३६ च्या दंगलींत ब्रिटिश सरकारनेच 'नोत्रीम' नावाचे यहुदी पहारेकरी नेमले. या लोकांना पेन्शनीची आशा नव्हती. आपल्या आईला वाचविण्यास त्या रात्री कोणी आले नाही, ही आठवण त्यांच्या बंदुकीमागे होती.

ज्या माणसाचे घर जळले आहे आणि ज्याचे कधीच जळले नाही, त्या दोघांना एकच रायफल दिली तरी ती दोघांच्या हातांत सारखी नसते. इस्राएलात आल्यावर आपल्या कित्येकांना इतर देशांतून आलेल्या शेजाऱ्यांची सावध नजर समजली नाही आणि त्यांना आपला शांतपणा समजला नाही. त्याचे एक कारण येथे आहे, असे आम्हांस वाटते.

तिसरी वाट खेळाची. स्वतंत्र भारतात १९४८ मध्ये एन.सी.सी. सुरू झाली आणि कॉलेजच्या मुलांच्या हाती पॉइंट टू-टू रायफल आली. थोड्याच अवधीत मुलींचीही पथके निघाली. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे सभापती ग. वा. मावळंकर, अहमदाबादला स्थायिक झालेले मराठी गृहस्थ. भारतातली मावळंकर नेमबाजी स्पर्धा त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मुंबईच्या कीर्ती कॉलेजात एन.सी.सी.मधून नेमबाजीकडे वळलेल्या अंजली भागवत २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीपर्यंत गेल्या. २०१० मध्ये कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत विश्वविजेत्या झाल्या, आणि २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्याच्याच स्वप्निल कुसाळे यांनी कांस्यपदक मिळविले. ज्या पनवेलमध्ये आपले बेथ एल सिनेगॉग १८४९ पासून आहे, त्याच्या शेजारच्या नव्या पनवेलमध्ये ऑलिंपिक नेमबाज सुमा शिरूर मुलामुलींना रायफल शिकवितात. शनिवार तेल्यांच्या मुलखात आज हा खेळ आहे, हे वाचून आपल्या वडीलधाऱ्यांस खचित आनंद होईल.

या खेळात शत्रू नसतो. दहा मीटरच्या एअर रायफलीच्या निशाणाचा मधला ठिपका अर्धा मिलिमीटर असतो. त्यावर गोळी बसवायची तर राग, घाई, अहंकार सगळे बाहेर ठेवून यावे लागते. रेंजवर एकाचाच हुकूम चालतो. तो 'थांबा' म्हणाला की विश्वविजेताही थांबतो. इस्राएलातही हा खेळ रुजला आहे. सोव्हिएट संघातून आलेले बोरिस पोलाक १९९४ मध्ये एअर रायफलीचे विश्वविजेते झाले.

खेळ आणि संरक्षण यांतले अंतर मात्र म्युनिकने दाखवून दिले. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये इस्राएलच्या चमूत हेन्री हेर्शकोविच आणि झेलिग श्ट्रोख हे दोन नेमबाज होते. उद्घाटनाच्या संचलनात देशाचा ध्वज हेर्शकोविच यांच्या हाती होता. ५ सप्टेंबरच्या पहाटे ते दोघे ज्या घरात झोपले होते, ते सोडून दहशतवादी त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांत शिरले. हे दोघे सोबत्यांसह निसटले. अकरा जण प्राणास मुकले. उत्तम नेम असलेली माणसे एका भिंतीपलीकडे होती, पण नुसत्या नेमाने ओलीस सुटत नाहीत. त्याला पथक लागते, योजना लागते आणि हुकूम देणारा लागतो.

आपण अलिया करून आलो तेव्हा या तिन्ही वाटा एकत्र आल्या. काल मुंबईत फाइल सांभाळणारा माणूस आज मिलुईमच्या गणवेशात मितवाहवर पालथा पडून नेम धरू लागला. नऊवारीतल्या आजीची नात सैन्यात गेली. मोशावावर रात्रीच्या शमिराच्या पाळ्या लागल्या. एप्रिल १९७४ मध्ये किर्यात श्मोना आणि मे मध्ये माआलोत येथे कत्तली झाल्या. त्याच वर्षी 'मिश्मार एज़राही' हे नागरिकांचे रक्षक दल निघाले आणि दिवसभर कारखान्यात राबलेले लोक रात्री कार्बाइन घेऊन गल्लीत फिरू लागले. जून १९७५ मध्ये लेबननच्या सरहद्दीवरच्या कफार युवाल या मोशावावर हल्ला झाला. तेथे कोचीनहून आलेले आपले भारतीय बांधव राहात होते. भारतातून येणाऱ्यांना भीती ठाऊक नव्हती ती त्या दिवशी ठाऊक झाली. जानेवारी २०२४ मध्ये त्याच गावावर क्षेपणास्त्र पडून आई आणि मुलगा मृत्यू पावले. मुलगा गावाच्या संरक्षण पथकातला होता.

तेव्हा परवाना मागणाऱ्या मुलास "तुला काय गरज?" असे विचारण्याचा अधिकार आज कोणासही नाही. कितात कोनेनूतमध्ये नाव देणाऱ्या मुलामुलींचे आम्ही कौतुकच करतो. परंतु त्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. नोव्हेंबर २०२३ मध्ये जेरुसलेमच्या प्रवेशद्वारापाशी बसथांब्यावर हल्ला झाला. एका नागरिकाने गाडीतून उतरून हल्लेखोरांवर गोळ्या झाडल्या, आणि मग एका सैनिकाने त्यालाच हल्लेखोर समजून गोळी घातली. त्याने हात वर केले होते, गुडघे टेकले होते. धैर्य होते, नेम होता, तरी जीव गेला. भीतीने भरलेल्या जागी अनेक बंदुका आल्या की असेही घडते.

आपल्या आईचा विरोध म्हणजे भित्रेपणा नव्हे, आणि मुलाची मागणी म्हणजे मिजास नव्हे. आपल्या इतिहासात दोघांनाही आधार आहे. सुभेदार पणजोबांनी आपल्याला बंदूक चालविण्याचा वारसा दिला, तसाच ती काम झाल्यावर कोठारात परत ठेवण्याचाही दिला. रेंजवरचा खेळाडू थांबण्याचा हुकूम मानतो. शमिरावरचा पहारेकरी एकटा निघत नाही, त्याच्याबरोबर जोडीदार असतो. आजचा तरुण भीतीच्या वाटेने बंदुकीकडे जात असेल, तर त्याने पलटणीची शिस्त आणि रेंजवरचा संयम हे दोन्ही बरोबर न्यावे. परवान्याआधी जे काही तासांचे शिक्षण सक्तीचे असते, तेवढ्यावर न थांबता नियमाने सराव करावा. घरी शस्त्र कुलपात असावे, आणि घरातल्या कोणाचे मन ठिकाणावर नसेल त्या दिवसांत ते घराबाहेर ठेवावे.

आणि आजोबांना आमची एक विनंती आहे. आपल्या पहाऱ्याच्या गोष्टी सांगाल तेव्हा ज्या रात्री बार काढावा लागला नाही, त्या रात्रींच्या गोष्टीही सांगा. अशा रात्रीच आपल्या आयुष्यात जास्त होत्या. मुलांना त्यांतूनच पहारा म्हणजे काय ते कळेल.