गवत, पाला आणि गवळाऊ बैल

नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत पांढुर्णा-सौंसरच्या काळ्या जमिनीत जी मराठी कुटुंबे स्थिरावली, त्यांच्या इतिहासात वाडा येतो, मालगुजारी येते. बैल काय खात होता हे मात्र क्वचितच येते. वास्तविक शेतीचा सारा डोलारा त्यावरच उभा होता.

आपल्याकडचा बैल गवळाऊ. वर्धा, नागपूर, छिंदवाडा, शिवनी, बालाघाट हा त्याचा मुलूख. पांढरा, सडपातळ, चालीला चपळ. मराठी फौजांच्या सामानवाहतुकीशी त्याचे नाव जोडले जाते. हा प्राणी गवताचा. गाय-बैल जिभेने गवत वेटाळून ओढतात. शेळी ओठांनी काटेरी फांदीतूनही नेमके पान टिपते. पाल्यातील तुरट द्रव्ये निष्प्रभ करण्याची शक्ती गुरांच्या लाळेत फारशी नाही. केवळ पाल्यावर बैल तग धरील. वखर ओढील असा भरवसा नाही.

तरीही जुन्या व्यवस्थेत पाल्याला जागा होती. पावसाळ्यात पडीकावरचे मारवेल व पवना, दिवाळीनंतर ज्वारीचा कडबा आणि तुरीचे कुटार. वैशाखात उभे कुसळी गवत वाळून त्यातील प्रथिने शेकडा 3-4 वर येतात. तेव्हा बांधावरच्या बाभळीच्या शेंगा, बोरीचा व उंबराचा पाला उपयोगी पडे. झाडपाल्यात प्रथिने बहुधा शेकडा 10 हून अधिक असतात. ही जोड होती, पर्याय नव्हे. (पळसाचा पाला म्हैस खाते, बैल सहसा तोंड लावत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीसाठी जाम नदीत पळसच रोवतात, हा योगायोग समजावा.)

1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि पुढे जंगले राखीव झाली. 1927 च्या वन कायद्याचे 26 वे कलम मुळातून वाचण्यासारखे आहे. राखीव जंगलात विनापरवाना गुरे चारणे हा गुन्हा, झाडाची पाने ओरबाडणे हाही गुन्हा. गवत आणि पाला, दोहोंना एकच कुलूप! त्याआधी 1899-1900 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जंगले चराईला मोकळी करावी लागली होती. पण पावसावाचून गवत उगवत नाही. खोल मुळांच्या झाडाला जुनी ओल पुरते. अशा वर्षी पाल्याची पाळी येते, ती निवड म्हणून नव्हे.

1951 मध्ये मालगुजारी गेली, गावची पडीक जमीन शासनाकडे आली. 1959 च्या भूराजस्व संहितेने चरणोई राखण्याची तरतूद केली. तिची किमान मर्यादा पुढे शेतजमिनीच्या शेकडा 2 वर आणली गेली. माझ्या मते आपल्या गोधनाला दुष्काळापेक्षा हा आकडा अधिक बाधला.

2023 मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. सौंसर त्यातच आहे. आता बांधावर बाभूळ विरळ, शेतात संत्र्याच्या बागा. झाडे आहेत, पण त्यांत बैलाचा घास नाही. सुबाभूळ लावा, असे सुचवले जाते. सूचना वाईट नाही. परंतु तिच्यातील मायमोसिन या विषारी द्रव्यामुळे एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक ती देऊ नये, असे जाणकार सांगतात. उरलेल्या दोन हिश्श्यांसाठी चरणोईच लागते.