बोरघाटाचे कंत्राट : दोन सह्या आणि तिसरा माणूस

१/
बोरघाटातील रेल्वेमार्ग एकोणिसाव्या शतकातील अभियांत्रिकीचा पराक्रम म्हणून ओळखला जातो. बोगदे, पूल आणि चढ यांचे आकडे इतिहासप्रेमींना तोंडपाठ असतात. त्या पराक्रमाच्या मुळाशी मात्र एक कागद होता : काम करवून घेणारी कंपनी आणि काम अंगावर घेणारा कंत्राटदार यांच्यातील लेखी करार. जानेवारी १८५९ मध्ये तो कागद घाटात अपुरा पडला. ही त्याची कथा.

२/
करवून घेणारा पक्ष होता ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजेच जीआयपी. १८४९ मध्ये या कंपनीने ईस्ट इंडिया कंपनीशी करार केला. त्यात भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी होती. रेल्वेच्या उत्पन्नातून ते व्याज सुटले नाही, तर तूट सरकारी तिजोरीतून, म्हणजे येथील रयतेच्या करातून भरून निघणार होती. भागधारकांची जोखीम अशा रीतीने पहिल्याच कागदावर मिटली होती.

३/
मार्ग बांधण्याचे काम कंपनी स्वतः करीत नसे. मार्गाचे तुकडे पाडायचे, निविदा मागवायच्या आणि एकेक तुकडा कंत्राटदाराच्या हवाली करायचा, अशी रीत होती. १६ एप्रिल १८५३ रोजी ज्या मुंबई-ठाणे मार्गावरून पहिली गाडी धावली, तो मार्ग फॅव्हिएल आणि फाउलर या इंग्रज कंत्राटदारांनी घेतला होता. पुढे बोरघाटाचे कंत्राटही १८५५ मध्ये विल्यम फॅव्हिएल यालाच मिळाले.

४/
अशा कंत्राटाची रचना आजच्या बांधकाम-कराराला ओळखीची वाटेल. नकाशे, कामाचे दर आणि मुदत कागदावर ठरलेली. झालेल्या कामाचे मोजमाप कंपनीचा अभियंता घेणार, त्याच्या दाखल्यावर पैसे सुटणार. खडक अपेक्षेपेक्षा कठीण निघाला, पाऊस लांबला, साथ आली, मजूर मिळाले नाहीत, तर बहुतेक भार कंत्राटदाराच्या माथी.

५/
कंत्राटदार तो भार स्वतःपाशी ठेवीत नसे. तो कामाचे लहान भाग पाडून उपकंत्राटदारांना उक्ते देई. उपकंत्राटदार मुकादमाला गाठी आणि मुकादम आपली टोळी घेऊन येई. प्रत्येक पायरीवर कोणाचा ना कोणाचा वाटा निघे. पैसा वरून खाली झिरपत येई आणि जोखीमही त्याच वाटेने खाली उतरे. सर्वांत शेवटी उभा असे तो सुरुंगाची भोके पाडणारा आणि पाटी वाहणारा मजूर. त्याचे नाते कंपनीशी नव्हते. त्याच्या हिशेबाचा साक्षीदार होता केवळ मुकादम.

६/
काम किती अवघड होते? १८५६ मध्ये रेल्वे घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत पोहोचली. १८५८ मध्ये वर खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाला. मधल्या टप्प्यात प्रवासी पालखीने, तट्टावरून किंवा बैलगाडीने घाट चढत. हे अंतर जोडण्यासाठी सुमारे १६ मैलांत १,८३१ फूट चढायचे होते. त्यासाठी २५ बोगदे लागले. काही ठिकाणी चढ ३७ फुटांमागे १ फूट इतका तीव्र होता. बोगद्याची जागा आखण्यासाठीही माणसांना दोरांनी कड्यावरून खाली सोडावे लागे.

७/
पावसाळ्यात काम जवळजवळ थांबे. त्यामुळे दरवर्षी टोळ्या नव्याने जमवाव्या लागत. पटकीच्या साथी पुन्हा पुन्हा येत आणि माणसे काम टाकून पळून जात. मुदत मात्र पुढे सरकत नसे. अशा वेळी कंत्राटदाराच्या हाती ताण देण्याजोगी एकच गोष्ट उरे, ती म्हणजे मजुरी : तिचा दर आणि ती चुकती करण्याचा दिवस.

८/
जानेवारी १८५९ मध्ये हा ताण तुटला. मजुरी थकली होती, आणि जी हाती पडत होती ती ठरल्यापेक्षा कमी आहे, अशी मजुरांची तक्रार होती. घाटात दंगल उसळली आणि युरोपीय देखरेखदारांवर हल्ले झाले. सरकारला चौकशी करावी लागली. काही आठवड्यांतच, मार्च १८५९ मध्ये, फॅव्हिएलने कंत्राट सोडले.

९/
नवे कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल याने घेतले. भारतात पोहोचल्यावर अल्पावधीतच, नोव्हेंबर १८५९ मध्ये, तो आजाराने मरण पावला. त्याची पत्नी अॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट पुढे चालवले आणि कामाची व्यवस्था अॅडमसन व क्लाउझर या अनुभवी अभियंत्यांकडे सोपवली. जानेवारी १८६१ मध्ये घाटात ४२,००० हून अधिक माणसे काम करीत होती. मुख्य अभियंता जेम्स बर्कली १८६२ मध्ये वारला. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्ग खुला झाला.

१०/
सही करणारा मेला तरी करार जिवंत राहिला आणि घाट पूर्ण झाला. लेखी कराराचे हे सामर्थ्य मान्य केलेच पाहिजे. मात्र ज्यांच्या थकलेल्या मजुरीमुळे पहिले कंत्राट कोसळले, त्यांना काय मिळाले?

११/
उत्तर १८६० च्या नवव्या कायद्यात सापडते. रेल्वे, कालवे आणि इतर सार्वजनिक बांधकामांवरील मालक-मजूर तंटे झटपट मिटवण्यासाठी हा कायदा झाला. त्यामागे बोरघाटाचा अनुभव होता. मजुराला थकलेल्या मजुरीसाठी थेट मॅजिस्ट्रेटकडे जाता येऊ लागले. हा लाभ खरा होता. पण त्याच कायद्याने कबूल केलेले काम टाकून जाणे हा मजुराचा गुन्हा ठरवला आणि त्याला तुरुंगाची वाट दाखवली. शाही श्रम आयोगाने हा कायदा रद्द करण्याची शिफारस केली, आणि १९३२ मध्ये तो रद्द झाला.

१२/
मजुराची मजुरी करारातच सुरक्षित करता येते, ही कल्पना त्या काळी कोणाला सुचलीच नव्हती काय? तसे म्हणता येत नाही. त्यासाठी चार शतके मागे, कंत्राटदारांच्याच मायदेशी जावे लागेल. १४३४ मध्ये इंग्लंडमधील फॉदरिंगे येथील चर्चचा मोठा भाग बांधण्यासाठी यॉर्कच्या ड्यूकच्या प्रतिनिधींनी विल्यम हॉरवुड या गवंड्याशी लेखी करार केला. रक्कम ३०० पौंड, तीही कामाच्या टप्प्यांनुसार द्यायची. काम वाजवी मुदतीत झाले नाही, तर हॉरवुडने तुरुंगात जायचे आणि त्याची मालमत्ता ड्यूकच्या हवाली व्हायची, इतका तो करार कठोर होता.

१३/
तरीही त्यात एक कलम होते. हॉरवुडने कामगारांची मजुरी पूर्ण दिली नाही, तर ड्यूकचा बांधकाम-कारकून त्याच्या समक्ष ती चुकती करील आणि तेवढी रक्कम हॉरवुडच्या पैशांतून कापून घेईल. यात दयेपेक्षा व्यवहारच अधिक असावा. मजुरी बुडाली की काम थांबते, हे ड्यूकच्या माणसांना ठाऊक होते.

१४/
भारतात हेच तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात आले. मजुरी वाटताना मुख्य मालकाचा प्रतिनिधी हजर असावा; कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मुख्य मालकाने द्यावी आणि कंत्राटदाराकडून वसूल करावी. १४३४ च्या कलमाशी याचे साम्य लक्षणीय आहे. फरक इतकाच, की तेथे ती ड्यूकच्या माणसांची सोय होती आणि येथे तो कामगाराचा हक्क झाला.

१५/
एखाद्या किल्ल्याचा, धरणाचा किंवा वाड्याचा जुना बांधकाम-करार वाचनात आला, की नजर प्रथम रकमेवर आणि मुदतीवर जाते. त्यानंतर एक कलम अवश्य शोधावे : कंत्राटदाराने हात वर केले, तर शनिवारचा पगार कोण देणार? बोरघाटात या प्रश्नाचे उत्तर वेळेवर मिळाले नाही, आणि ते मजुरांना दंगल करून मागावे लागले.