वर्णनिरपेक्षता : अमेरिकेच्या राजकारणातील एक संकल्पना

कायद्याने नागरिकाच्या कातडीच्या रंगाची दखल घेऊ नये, या तत्त्वास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील राजकीय वादांत वर्णनिरपेक्षता म्हणतात. (येथे ‘वर्ण’ म्हणजे केवळ रंग, चातुर्वर्ण्याशी त्याचा संबंध नाही.) वांशिक पृथक्करणाविरुद्ध पुढे आलेले हे तत्त्व कालांतराने त्याच पृथक्करणाचे परिणाम दूर करू पाहणाऱ्या योजनांविरुद्ध वापरले गेले, म्हणून त्याचा इतिहास उद्‌बोधक आहे.

यादवी युद्धानंतर चौदाव्या घटनादुरुस्तीने (१८६८) सर्वांना कायद्याचे समान संरक्षण दिले. तथापि दक्षिणेकडील राज्यांनी सोयी वेगळ्या पण समान असल्याचा दावा करून त्यातून वाट काढली. लुइझियाना राज्याच्या १८९० च्या कायद्याने आगगाडीत गोऱ्यांचे व कृष्णवर्णीयांचे डबे वेगळे केले. या कायद्यास आव्हान देण्यासाठी होमर प्लेसी हा १८९२ मध्ये ठरवून गोऱ्यांच्या डब्यात बसला व पकडला गेला. सर्वोच्च न्यायालयाने १८ मे १८९६ रोजी सात विरुद्ध एक मताने कायदा वैध ठरविला. एकट्या न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन याने विरोधी निकालपत्रात संविधानाला रंग दिसत नाही, अशी भूमिका मांडली. ही कल्पना प्लेसीचा वकील ॲल्बियन टूर्जे याच्या युक्तिवादातही होती. हार्लन हा केंटकीतील गुलाममालक घराण्यातला. त्याच निकालपत्रात त्याने गोऱ्या वंशाचे वर्चस्व टिकून राहील असे म्हटले आहे आणि चिनी लोकांविषयी तुच्छतेने लिहिले आहे. त्याचा गौरव करणारे हा भाग सहसा गाळतात.

पृथक्करणाविरुद्धच्या न्यायालयीन लढ्यात थर्गुड मार्शल व त्याच्या सहकाऱ्यांनी हार्लनच्या मताचा आधार घेतला. ब्राउन खटल्यात (१७ मे १९५४) न्यायालयाने शाळांतील पृथक्करण एकमताने घटनाबाह्य ठरविले. मात्र ते कृष्णवर्णीय मुलांच्या शिक्षणाची व मनाची हानी होते या कारणावरून. वर्णनिरपेक्षतेचे तत्त्व त्यात मांडलेले नाही. या मौनामुळे पुढे दोन्ही पक्षांना ब्राउन निकाल आपलाच म्हणता आला.

दक्षिणेतील लोकप्रतिनिधींनी प्रारंभी वेगळी भाषा वापरली. १९५६ च्या त्यांच्या जाहीरनाम्यात भर होता तो राज्यांच्या अधिकारांवर. नागरी हक्क अधिनियमाच्या (१९६४) चर्चेत विरोधकांनी नोकऱ्यांत वंशवार वाटा ठरेल अशी भीती घातली व समर्थक ह्यूबर्ट हंफ्री याने तसे होणार नाही असे आश्वासन दिले. पुढच्याच वर्षी, ४ जून १९६५ रोजी, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन याने हॉवर्ड विद्यापीठात प्रतिपादन केले, की वर्षानुवर्षे साखळदंडांत जखडलेल्यास सोडून थेट शर्यतीच्या आरंभरेषेवर उभे करणे हा न्याय नव्हे. मार्टिन ल्यूथर किंग याने १९६४ च्या आपल्या पुस्तकात अशा विशेष तरतुदींच्या समर्थनार्थ भारतातील अस्पृश्यांसाठीच्या सवलतींचा दाखला दिला होता, हे येथे लक्षणीय आहे. १९५९ च्या भारतभेटीत जवाहरलाल नेहरूंशी या विषयावर त्याचे बोलणे झाले होते.

विशेष संधींच्या योजना वाढल्यावर वर्णनिरपेक्षतेची भाषा त्यांच्या विरोधकांकडे गेली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयातील १०० पैकी १६ राखीव जागा बाकी खटल्यात (१९७८) रद्द झाल्या. वंश हा प्रवेशाचा एक घटक म्हणून विचारात घेण्यास मात्र मुभा राहिली. तोवर स्वतः न्यायमूर्ती झालेल्या मार्शल याने, शतकानुशतके वर्णावरून हक्क नाकारल्यानंतर आता वर्णाकडे पाहूच नका म्हणणे अन्याय्य होय, अशा आशयाचे मत नोंदविले. १९८० नंतर रोनाल्ड रीगन याच्या प्रशासनाने किंगच्याच स्वप्नाचा हवाला देत अशा योजनांना विरोध केला, तर १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी शासकीय संस्थांतील वंशाधारित प्राधान्य बंद केले.

२९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हार्व्हर्ड व नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या वंश विचारात घेणाऱ्या प्रवेशपद्धती रद्द केल्या. दोन कृष्णवर्णीय न्यायमूर्तींपैकी क्लॅरेन्स टॉमस यांनी हार्लनचा आधार घेऊन बहुमतास पाठिंबा दिला. केटांजी ब्राउन जॅक्सन यांनी मात्र, कायद्यात वंश गैरलागू ठरविल्याने तो जीवनात गैरलागू होत नाही, असे विरोधी मत मांडले. वंशामुळे आपल्या आयुष्यात काय घडले हे अर्जदाराने निबंधात लिहिल्यास विद्यापीठाने ते विचारात घेण्यास बहुमताच्या निकालपत्राने मनाई केलेली नाही.