‘तो विकार’ आणि घराण्यांच्या नोंदी

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, लाँग आयलंड बेटाच्या पूर्व टोकाला, ईस्ट हॅम्प्टन हे १६४८ साली वसलेले गाव आहे. इंग्लंडहून आलेली घराणी तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. १७९७ मध्ये एबल हंटिंग्टन हे डॉक्टर या गावी स्थायिक झाले. त्यांचे पुत्र आणि पुढे नातू जॉर्ज यांनीही हाच व्यवसाय पत्करला. गावातील काही घराण्यांत हातापायांच्या अनावर हालचाली आणि बुद्धीचा क्रमशः ऱ्हास घडविणारा एक रोग होता. आजोबा व वडील यांच्या टिपणांच्या आधारे जॉर्ज हंटिंग्टन यांनी १८७२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हा रोग आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

त्यांनी त्याची तीन लक्षणे सांगितली : तो आनुवंशिक आहे, त्यात वेडाकडे व आत्मघाताकडे कल असतो, आणि तो प्रौढ वयात प्रकटतो. एखादे अपत्य त्यातून सुटले तर त्याच्या पुढील वंशात तो उतरत नाही, हेही त्यांनी नोंदविले. मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या नियमांकडे जगाचे लक्ष जाण्यापूर्वीची ही गोष्ट आहे.

याच निबंधात पन्नाशीच्या दोन विवाहित गृहस्थांचा उल्लेख आहे. त्यांना धड चालता येत नसे, परका मनुष्य त्यांना मद्यपी समजला असता; तरीही तरुण मुलींशी लगट करण्याची एकही संधी ते सोडीत नसत. डॉक्टरांनी ही गोष्ट रोगाच्या वर्णनात घातली, हे महत्त्वाचे. रोगग्रस्त घराण्यांतील माणसे मात्र त्याविषयी शक्यतो बोलतच नसत. बोलणे भागच पडले तर ‘तो विकार’ एवढेच म्हणत.

‘स्मृतिभ्रंश’ या आपल्या शब्दाने थोडी दिशाभूल होते. आपण विसराळूपणाची वाट पाहत राहतो. या रोगात पुष्कळदा विस्मरणाआधी स्वभाव पालटतो. शांत मनुष्य क्षुल्लक कारणाने संतापतो, कर्तबगार मनुष्य निरुत्साही होतो, चोख हिशेब ठेवणाऱ्याचे व्यवहार बिघडतात, काहींना खिन्नता ग्रासते. हालचालींतील दोष दिसण्याच्या कित्येक वर्षे आधी हे घडू शकते, आणि त्या काळात जग त्या माणसाला रोगी न मानता दुर्वर्तनी ठरवते.

अमेरिकेचे विख्यात लोकगायक वुडी गथ्री यांच्या आईला १९२७ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात दाखल करण्यात आले. १९३० मध्ये ती वारली. पुढे गथ्री स्वतः बेताल वागू लागले, तेव्हा पुष्कळांनी तो दारूचा परिणाम मानला. १९५२ मध्ये हंटिंग्टनच्या रोगाचे निदान झाले. १९६७ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या पूर्वपत्नी मार्जरी यांनी त्याच वर्षी रुग्णकुटुंबांची संघटना उभारली.

घराण्यांनी मौन पाळले, याला कारणेही होती. १९१६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स डॅव्हनपोर्ट यांनी या रोगाच्या ९६२ रुग्णांच्या वंशावळी प्रसिद्ध केल्या त्या वंशशुद्धीच्या पुरस्कारासाठी. जर्मनीत नाझी राजवटीने १९३३ मध्ये केलेल्या सक्तीच्या निर्बीजीकरणाच्या कायद्यात या रोगाचे नाव होते. ज्या नोंदीतून उपचाराची दिशा मिळावी, तीच आरोपपत्र ठरली.

परंतु वंशावळींचा दुसरा उपयोगही झाला. व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराकाठी हा रोग मोठ्या प्रमाणावर आढळतो. स्वतःच्या आईलाच हा रोग झालेल्या नॅन्सी वेक्सलर यांनी १९७९ पासून तेथे कुटुंबे नोंदविली. ती वंशावळ १८,००० हून अधिक व्यक्तींची झाली. तेथील रक्तनमुन्यांच्या साहाय्याने १९८३ मध्ये चौथ्या गुणसूत्रावर रोगाचा माग लागला आणि १९९३ मध्ये जनुक सापडले. आई किंवा वडील रोगग्रस्त असल्यास प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो होण्याची शक्यता ५० टक्के असते. रक्ततपासणीने हे आधी कळू शकते; मात्र रोग समूळ बरा करणारा उपाय अद्याप नाही. म्हणूनच तपासणी करावी की नाही, हा निर्णय ज्याचा त्याने, योग्य समुपदेशनानंतर, घ्यावयाचा असतो.

हा रोग भारतातही आढळतो. मूळ गाव सोडून इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर येथे स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांनी कुलवृत्तान्त जपले. त्यांत जन्म, विवाह, वतने, सनदा सारे असते. एखाद्या काकांपुढे मात्र ‘स्वभावाने तापट, पुढे परागंदा’ इतकेच लिहिलेले असते, आणि सासरी गेलेल्या मुलींचे पुढे काय झाले हे लिहिलेलेच नसते. प्रत्येक तापट माणूस रोगी नसतो, हे खरे. तथापि तोच पालट त्याच वयात दोन-तीन पिढ्यांत दिसला असेल, तर त्याला कुळाचा दोष म्हणून झाकून ठेवण्यात शहाणपण नाही. अशी नोंद चव्हाट्यावर मांडायची नसते, विवाहाच्या बोलणीत शस्त्र म्हणून तर मुळीच वापरायची नसते. ती घरात जपावी, मुलगे-मुली जाणती झाल्यावर त्यांना सांगावी आणि प्रसंगी डॉक्टरांपुढे ठेवावी. ज्या काकांना आपण आयुष्यभर दोष दिला, त्यांना निदान मरणोत्तर न्याय तरी मिळेल.