सुंभ, पीळ आणि रिसीव्हरची वायर

साताऱ्याला आजीच्या घरी टीव्हीशेजारच्या तिपाईवर अजून लँडलाइन आहे. मोबाइल तिच्याकडेही आहे, पण तो ‘तुमचा फोन’, तिपाईवरचा तो ‘आपला’. दर दिवाळीला मी गेलो की त्याच्या रिसीव्हरच्या वायरचा गड्डा झालेला असतो. रिसीव्हर उचलला की अख्खा फोन तिपाईवरून घसरत पुढे येतो. मी बसून गुंता सोडवतो आणि पाडव्याला परत गेलो की पुन्हा तेच. आजी म्हणते, “घराण्याचाच गुण आहे तो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.”

इंजिनिअर झाल्यावर कळलं की ही म्हण म्हणजे चांगलं भूमितीचं विधान आहे.

वायरचे इअरफोन खिशात ठेवल्यावर त्यांचं जे होतं, तेच इथेही होत असेल असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. इअरफोनला गाठी बसतात, कारण त्याची टोकं मोकळी असतात आणि ती वेटोळ्यांतून आरपार जाऊ शकतात. 2007 साली डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ या दोघांनी दोरे एका फिरत्या खोक्यात घालून गाठी कशा बसतात ते मोजलं होतं. (पुढच्या वर्षी त्यांना इग नोबेल मिळालं. लोक हसले, पण काम पक्कं होतं.) फोनच्या वायरचं एक टोक फोनमध्ये अडकलेलं असतं आणि दुसरं रिसीव्हरमध्ये. तिला सहसा गाठ बसत नाही, तिच्यात पीळ साठतो.

मुळात ही वायर गुंडाळीची नव्हतीच. बेलचं पेटंट 1876चं, मुंबईतलं पहिलं टेलिफोन एक्स्चेंज जानेवारी 1882चं, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं फोनची वायर सरळच होती, वरून सुती विणीचं वेष्टण असलेली. आतली रचना मात्र हुशारीची होती. साधी तांब्याची तार रोज वाकवली तर थोड्याच दिवसांत तुटते. म्हणून सुती धाग्याभोवती तांब्याची अगदी पातळ पट्टी गुंडाळायची आणि असे अनेक धागे एकत्र करायचे. ताण सुताने सोसायचा, वीज तांब्याने वाहायची. आपल्या जरीची रचनाही अशीच असते, म्हणजे जुना रिसीव्हर जरीच्या दोरीला लटकत होता म्हणायला हरकत नाही.

सरळ वायरची अडचण घरात वावरणाऱ्यांना लगेच कळली. आखूड ठेवली तर माणसाला फोनला चिकटून उभं राहावं लागतं, लांब ठेवली तर ती टेबलावरून लोळते, दौत पाडते, पायात येते. 1930च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत यावर उपाय आला, तो म्हणजे वायरच स्प्रिंगसारखी करायची. रबरी, पुढे प्लॅस्टिकच्या वेष्टणाची वायर दांडीवर घट्ट गुंडाळून तापवली की थंड झाल्यावर ती तोच आकार धरून बसते. ओढली की लांबते, सोडली की परत येते. हेन्री ड्रेफस यांच्या आरेखनाचा वेस्टर्न इलेक्ट्रिकचा 500 नंबरचा फोन घरोघरी गेला त्या 1950च्या दशकात ही गुंडाळी नेहमीची झाली. आपल्याकडे 1948 साली बंगळुरूला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज सुरू झाली. तिथल्या काळ्या, जडशीळ फोनसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. तो घरात आला की त्यावर क्रोशाचा रुमाल पडे.

गुंडाळीने लांबीचा प्रश्न सुटला आणि पिळाचा सुरू झाला. उजव्या हाताने रिसीव्हर उचला, बोलता बोलता डाव्या हातात घ्या, डाव्या कानाला लावा आणि डाव्या हाताने परत ठेवा. या फेऱ्यात रिसीव्हर स्वतःभोवती थोडा फिरलेला असतो. उचलला त्याच वाटेने परत आला नाही, तर ते फिरणं वायरमध्ये शिल्लक राहतं. दोन्ही टोकं बांधलेली असल्यामुळे त्याला बाहेर जायला वाट नसते.

याचं गणित बसवलं कालुगारेनू, जेम्स व्हाइट आणि ब्रॉक फुलर यांनी, साधारण 1959 ते 1971 या काळात. टोकं बांधलेल्या दोरीत दोन गोष्टींची बेरीज कायम राहते. एक म्हणजे दोरीच्या अंगातला पीळ, दुसरी म्हणजे दोरीने हवेत घेतलेले वेढे. तुम्ही वेढे सोडवले तर ते पीळ होऊन अंगात जातात, पीळ कमी केला तर वेढे वाढतात. डीएनए पेशीत कसा मुडपून बसतो ते याच सूत्राने समजतं, आणि शिकवताना आजही फोनच्या वायरचंच उदाहरण देतात. म्हणून गुंता हाताने कितीही विंचरला तरी तो फक्त जागा बदलतो. आजीची म्हण तेच सांगते.

अशा वायरमध्ये मधेच एखादा वेढा उलट्या दिशेने वळलेला दिसतो. वरचे वेढे उजवे, खालचे डावे, आणि मध्ये एक वाकडा सांधा. हा सांधा फोनच्या आधीपासून ठाऊक होता. डार्विनने 1865 साली वेलींवर लिहिलं. काकडीच्या वेलीचा तंतू आधाराला धरला की त्याची दोन्ही टोकं अडकतात आणि मग तो गुंडाळताना अर्धा एकीकडे, अर्धा दुसरीकडे वळतो. एकाच दिशेने गुंडाळला तर तंतूला प्रचंड पीळ बसेल. डार्विनने उदाहरण दिलंय फिती विकणाऱ्या दुकानदाराचं. तो फीत अंगठा आणि करंगळीवर आठच्या आकड्यात गुंडाळतो, म्हणजे पीळ बसत नाही. मांजा हातावर असाच गुंडाळणारी मुलं मी पाहिली आहेत. डार्विन न वाचता.

उपाय एकच, एक टोक मोकळं सोडायचं. वायर उंच धरून रिसीव्हर लोंबकळत ठेवला की तो गरगरत पीळ सोडतो. घाई करायची नाही, तो उलट फिरून पुन्हा परततो, आपोआप थांबेपर्यंत वाट पाहायची. प्लग निघत असेल तर तो काढून तेच करायचं, म्हणजे तेवढा वेळ फोन एंगेज लागत नाही. रिसीव्हर आणि वायर यांच्यामध्ये बसणारी एक छोटी फिरती पिनही मिळायची. तिच्या आत घासत फिरणारे संपर्क असतात, ते मळले की आवाजात खरखर येते. मला ती कधी पटली नाही.

गेल्या दिवाळीत म्हटलं, सोडवण्याआधी वायर पिळते कशी ते तरी बघू. दोन दिवस हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसलो. फोन वाजला की आजी उजव्या हाताने रिसीव्हर उचलायची, उजव्या कानाला लावायची, “हॅलो” म्हणायची, कपाळाला आठी घालायची आणि डाव्या कानाला न्यायची. प्रत्येक वेळी. सात-आठ फोन झाले, एकदाही चुकलं नाही.

मी आईला स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, आजीला उजव्या कानाने ऐकू येतं ना? आई म्हणाली, येत असेल की, काही बोलल्या नाहीत कधी. आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. तपासणीच्या कागदावर डाव्या कानाची रेघ वयाच्या मानाने ठीक होती, उजव्याची खूप खाली गेली होती. “बरीच वर्षं झाली असतील,” डॉक्टर म्हणाले. परत येताना आजी रिक्षात म्हणाली, “एक चालतोय तेवढा पुरे होता. उगाच कशाला सांगायचं?”

मी तिपाई उचलून खुर्चीच्या डाव्या बाजूला ठेवली. पहिले काही दिवस तिने शिव्या घातल्या. पाडव्याला गेलो तेव्हा वायरमध्ये तीन-चारच वेढे उलटे होते.