ताणजन्य अनार्तव आणि संवादोपचार : एक ऐतिहासिक आढावा (पालघर व बोईसर-तारापूर परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :

मासिक पाळी हा विषय आपल्या समाजात दीर्घकाळ विटाळाच्या चौकटीतच बोलला गेला. पाळी आली असता काय करू नये, याचे नियम घरोघर पाठ होते. ती येईनाशी झाली तर काय करावे, याविषयी मात्र फारसे बोलले जात नसे. विवाहितेची पाळी चुकली की आनंदाची चाहूल, अविवाहितेची चुकली की संशय आणि चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीची चुकली की ‘पाळी जायचे वय’, एवढ्या तीन अर्थांतच या घटनेचा विचार झाला. गर्भधारणा वा कोणताही इंद्रियदोष नसताना केवळ ताणामुळेही पाळी महिनोन्‌महिने बंद राहू शकते, हा चौथा अर्थ आजही अनेकांना अपरिचित आहे. प्रस्तुत लेखात या चौथ्या अर्थाचा आणि त्यावरील संवादोपचाराचा इतिहास थोडक्यात मांडून, पालघर व बोईसर-तारापूर परिसरात त्याचे महत्त्व काय, याचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्राचीन वैद्यक आणि मन :

सुश्रुतसंहितेत ‘आर्तवक्षय’ आणि ‘नष्टार्तव’ या अवस्थांचा उल्लेख येतो. नष्टार्तवाचे कारण दोषांमुळे मार्ग अडणे हे मानले असून मासे, कुळीथ, तीळ, उडीद यांसारखा आहार त्यावर सुचविला आहे. दुसरीकडे, चरकसंहिता गर्भधारणेला साहाय्यक ठरणाऱ्या गोष्टींत मनाच्या प्रसन्नतेला श्रेष्ठ स्थान देते आणि उपचारांच्या तीन प्रकारांत ‘सत्त्वावजय’ म्हणजे मनाला अहितकारक विषयांपासून आवरण्याचा उपचार सांगते. ही आजची मानसोपचारपद्धती होय, असे म्हणणे अनैतिहासिक ठरेल. मात्र मन आणि प्रजननक्षमता यांचा संबंध आपल्या परंपरेला परका नव्हता, एवढे निश्चित म्हणता येते.

युद्धकाळातील निरीक्षणे :

आधुनिक वैद्यकाचे लक्ष या प्रश्नाकडे प्रामुख्याने युद्धांनी वेधले. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत अनेक स्त्रियांची पाळी बंद झाल्याचे डॉक्टरांनी नोंदविले व त्यास ‘युद्धकालीन अनार्तव’ असे नाव पडले. उपासमार हे कारण की भीती, हा वाद तेव्हापासूनचा आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने मनिला येथे स्थानबद्ध केलेल्या स्त्रियांविषयीचा अभ्यास १९४४ मध्ये, तर हाँगकाँगमधील स्टॅनले छावणीविषयीचा ॲनी सिडनहॅम यांचा लेख १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. मनिलाच्या अभ्यासात एक बाब लक्षणीय होती. अन्नाच्या कमतरतेचा परिणाम होण्याइतका काळ लोटण्यापूर्वीच अनेकींची पाळी थांबली होती.

याच काळातील दुसरी नोंद अत्यंत क्लेशदायक आहे. बर्लिनमधील शरीररचनाशास्त्रज्ञ हेरमान श्टीव्ह यांनी नाझी राजवटीने प्लोट्‌झेन्झे तुरुंगात मृत्युदंड दिलेल्या स्त्रियांच्या देहांवर संशोधन केले. देहदंडाची वार्ता कळल्यानंतर त्यांच्या पाळीवर काय परिणाम झाला, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. जतन करून ठेवलेल्या अशा बळींच्या ऊतींचे नमुने २०१९ मध्ये बर्लिन येथे सन्मानपूर्वक दफन करण्यात आले. ताण पाळी थांबवू शकतो, हे ज्ञान असे छावण्यांतून व तुरुंगांतून जमा होत गेले. त्यात स्त्रीच्या शरीराची नोंद झाली. तिला काय वाटते, हे तिला विचारून तिच्या उपयोगी पडावे, हा हेतू मात्र अभावानेच दिसतो.

कार्यकारणाचा उलगडा :

हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये ताणाला शरीर देत असलेल्या सर्वसामान्य प्रतिसादाची संकल्पना मांडली. पुढे ‘अधोथॅलॅमसजन्य अनार्तव’ ही संज्ञा १९४० च्या दशकात वैद्यकात रूढ होऊ लागली. अधोथॅलॅमस हा मेंदूचा छोटासा भाग ठरावीक अंतराने एक संप्रेरक स्रवतो; त्यामुळे पोष ग्रंथी व तिच्याद्वारे अंडाशये कार्यरत राहतात. या संप्रेरकाची रचना १९७१ मध्ये उलगडली आणि त्या क्षेत्रातील कार्यासाठी रॉजर गिलमिन व अँड्र्यू शॅली यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. दीर्घ ताण, अपुरा आहार वा अतिश्रम यांमुळे या स्रावाची लय मंदावते, अंडमोचन थांबते आणि इस्ट्रोजेनचे प्रमाण घटते. परिणामी वंध्यत्वाचा प्रश्न उद्भवतोच, शिवाय ऐन तारुण्यात हाडे ठिसूळ होऊ लागतात. ‘पाळी नाही तर कटकट नाही’ असे म्हणून सोडून देण्याजोगी ही बाब नाही.

संवादोपचाराचा प्रवेश :

अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात आणि ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात अशा उपचारपद्धती मांडल्या, की ज्यांत रुग्णाच्या विचारांचीच त्याच्याशी बोलून तपासणी केली जाते. ‘परीक्षेत कमी गुण मिळाले तर माझे जगणे व्यर्थ’, ‘घरातील प्रत्येकाला मी खूश ठेवलेच पाहिजे’ अशा आग्रही विचारांची छाननी करून वागण्यात बदल घडविणे, हे या बोधनिक-वर्तन उपचारपद्धतीचे सूत्र होय.

या पद्धतीचा अनार्तवाशी थेट संबंध सारा बर्गा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने जोडला. सामान्य वजनाच्या परंतु ताणजन्य अनार्तव असलेल्या १६ स्त्रियांपैकी ८ जणींना २० आठवडे संवादोपचार देण्यात आला, तर ८ जणींचे केवळ निरीक्षण करण्यात आले. पहिल्या गटातील ७ व दुसऱ्या गटातील २ स्त्रियांची अंडाशये पुन्हा कार्य करू लागल्याचे आढळले. त्यानंतर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या उपचाराने रात्रीच्या कॉर्टिसॉलचे प्रमाण घटल्याचे दिसले. अभ्यास लहान असले तरी २०१७ मध्ये अमेरिकेतील अंतःस्राव-तज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत या उपचाराची शिफारस केली. छावणीत जिची केवळ नोंद झाली, तिचे बोलणे आता उपचाराचा भाग झाले, हे या इतिहासातील खरे स्थित्यंतर होय.

पालघर व बोईसर-तारापूर परिसराचा संदर्भ :

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. तोपर्यंत हा सारा भाग ठाणे जिल्ह्यात होता. त्या ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे आणि १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी तेथेच मानसिक आरोग्यासाठी संस्था स्थापन केली. एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी समाजात रुजविण्यात या संस्थेचा वाटा मोठा आहे. म्हणजे संवादोपचाराची मराठी परिभाषा याच जुन्या जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी घडली; परंतु ठाणे ते जव्हार-मोखाडा हे अंतर केवळ मैलांचे नाही.

तारापूर येथे १९६९ मध्ये देशातील पहिले अणुवीज केंद्र कार्यान्वित झाले आणि पुढे बोईसरलगत रासायनिक, औषधी व वस्त्रोद्योगांची मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली. २०१३ पासून डहाणूपर्यंत उपनगरी गाड्या धावू लागल्या. पहाटे गाडी पकडणारी नोकरदार स्त्री, पाळीने काम करणाऱ्याच्या घरातील अपुरी झोप, गाव सोडून खोलीवर राहणारी परप्रांतीय वधू, घराण्यातील पहिलीच पदवीधर होऊ पाहणारी वारली वा मांगेला विद्यार्थिनी, या सर्वांच्या ताणाचे रूप वेगवेगळे आहे. २०१८ च्या अखेरीस डहाणू-तलासरी भागात सुरू झालेल्या भूकंपाच्या धक्क्यांच्या मालिकेने अनेक कुटुंबांना थंडीत घराबाहेर रात्री काढाव्या लागल्या, हेही विसरता येत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वीटभट्टीवर राबणाऱ्या, अर्धपोटी स्त्रीची पाळी थांबली तर तिला विचार बदलावयास सांगणे ही क्रूर थट्टा ठरेल; तिला प्रथम अन्न व विश्रांती हवी. त्याचप्रमाणे गर्भधारणा, थायरॉईडचे विकार, अंडाशयातील बहुविध गाठी, जननमार्गाचा क्षयरोग इत्यादी कारणे वैद्यकीय तपासणीने वगळल्याशिवाय ‘ताण’ हे निदान करणे योग्य नव्हे. संवादोपचार हा वैद्यकीय तपासणीचा पर्याय नाही, तर तिच्यापुढचे पाऊल आहे.

या उपचारात भाषा हेच औषध असते. त्यामुळे ते प्रमाण मराठीतच द्यावयाचे की वारली, वाडवळी वा हिंदीतही, हा प्रश्न गौण नाही. २०२२ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेली १४४१६ ही ‘टेलिमानस’ दूरध्वनी सेवा या दृष्टीने उपयुक्त आहे. तथापि दूरध्वनी करण्यापूर्वी मुलीला आपल्या त्रासाचे नाव ठाऊक असावे लागते.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, ताण पाळी थांबवितो हे ज्ञान जुने आहे, त्याची यंत्रणा गेल्या पाऊणशे वर्षांत उलगडली आहे आणि बोलण्याने ती पुन्हा सुरू होऊ शकते याचा पुरावा अवघ्या दोन दशकांचा आहे. महाविद्यालयीन प्राध्यापकांचे स्थान येथे महत्त्वाचे ठरते. परीक्षेच्या काळात गैरहजर राहणाऱ्या, तीन महिने पाळी न आल्याने धास्तावलेल्या विद्यार्थिनीला मनातला प्रश्न घरी विचारता येत नाही, कारण तेथे तो संशयाचा विषय होतो. तिला डॉक्टरांकडे व समुपदेशकाकडे पाठविण्यापूर्वी तिचे म्हणणे निःशंकपणे ऐकून घेणारी एक व्यक्ती महाविद्यालयात असणे, ही या उपचाराची पहिली पायरी होय. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही; विद्यार्थिनी कक्षात दार लावून घेता येईल अशी एक खोली आणि आठवड्यातील दोन तास पुरेसे आहेत.