एक नाव, तीन गावे : आंबिवली या ग्रामनामाच्या निमित्ताने

प्रस्तावना

मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावर शहाड आणि टिटवाळा यांच्या दरम्यान आंबिवली हे स्थानक लागते. उपनगरी गाडीने रोज ये-जा करणाऱ्या प्रवाशाला आंबिवली म्हणजे हेच स्थानक, याविषयी शंका येण्याचे कारण नसते. तथापि ठाणे जिल्ह्याच्या जुन्या कागदपत्रांचा अभ्यास करणाऱ्यास मात्र हे नाव वाचताच थांबावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकट्या ठाणे जिल्ह्यातच आंबिवली नावाची किमान तीन गावे होती : एक कल्याण तालुक्यात, दुसरे कर्जत तालुक्यात आणि तिसरे साष्टी तालुक्यात. आज ही गावे अनुक्रमे ठाणे, रायगड आणि मुंबई उपनगर अशा तीन जिल्ह्यांत विभागलेली आहेत. नाव तेच राहिले, परंतु त्याभोवतीच्या सीमा बदलत गेल्या. त्यामुळे जुन्या ग्रंथातील एखादी नोंद आज वाचली असता ती भलत्याच गावाच्या पदरात पडण्याचा संभव निर्माण होतो.

नावाची घडण

कोकणातील पुष्कळ ग्रामनामांचा शेवट ‘वली’ या पदाने होतो. वडवली, बोरिवली, चिंचवली, जांभिवली ही नावे सहज आठवतील. या सर्वांत पूर्वपद वृक्षाचे आहे. उत्तरपदाची व्युत्पत्ती सामान्यतः संस्कृत ‘पल्ली’, म्हणजे लहान वस्ती किंवा पाडा, या शब्दापासून लावली जाते. दोन स्वरांमध्ये सापडलेल्या ‘प’चा प्राकृतात ‘व’ होतो. ‘दीप’चा ‘दिवा’ झाला तो याच नियमाने. त्यानुसार ‘आम्रपल्ली’चे आंबिवली होणे स्वाभाविक ठरते. देशावरील पिंपळोली, चिंचोली ही नावे याच कुळातील असून कन्नडातील ‘हळ्ळी’ आणि तेलुगूतील ‘पल्ले’ ही त्यांची भावंडे म्हणता येतील. ‘आवली’ म्हणजे रांग या शब्दावरून ‘आंब्यांची रांग’ असाही अर्थ काही जण सांगतात. तो कानाला गोड वाटतो. पण ‘वली’ने संपणारी सगळीच नावे झाडांवरून पडलेली नाहीत, हे ध्यानात घेता पहिली व्युत्पत्ती अधिक सयुक्तिक दिसते. वैशालीच्या आम्रपालीशी मात्र या नावाचा संबंध जोडता येत नाही. तेथे ‘पाली’ आहे, ‘पल्ली’ नव्हे.

ही घडण लक्षात घेतली की एकाच नावाची अनेक गावे का असावीत, याचा उलगडा होतो. आंबा कोकणात सर्वत्र आहे. ज्या लोकांनी आपल्या वस्तीला हे नाव दिले, त्यांच्या व्यवहाराच्या कक्षेत, म्हणजे दिवसभराच्या पायी चालीच्या टापूत, आंब्याचा पाडा एकच होता. दुसरी आंबिवली डोंगरापलीकडे किंवा खाडीपलीकडे असली तरी तिच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यातही आंबवली आहेच. एका गावाने दुसऱ्याचे नाव घेतले, किंवा एका गावचे लोक दुसरीकडे जाऊन वसले, असे मानण्याची येथे काहीच गरज नाही.

सीमा सांगण्याच्या पद्धती

नामसादृश्याची अडचण उद्भवते ती गावकऱ्यांना नव्हे, तर राज्यकर्त्यांना. कर वसूल करणारा किंवा जमीन दान देणारा अनेक गावांकडे एकाच वेळी पाहत असतो. उत्तर कोकणच्या शिलाहारांना ही अडचण चांगली ठाऊक होती. छित्तराजाच्या शके ९४८ (इ. स. १०२६) च्या भांडुप ताम्रपटात नौर गावातील शेताचे दान नोंदवले आहे. तेथे केवळ गावाचे नाव देऊन लेखक थांबत नाही. हे गाव षट्षष्टी म्हणजे साष्टी विषयातील असल्याचे तो सांगतो आणि मग शेताच्या चतुःसीमा देतो. त्यांत गोंवणी गावच्या हद्दीचा ओहोळ आहे, गोरपवली गावची हद्द आहे आणि राजमार्ग आहे. यांतील गोरपवली हे नाव ‘वली’ या अंत्यपदाचे प्राचीनत्व दाखवते, हा या ताम्रपटाचा आनुषंगिक लाभ होय.

मराठेशाहीतील महसुली व्यवस्थेने हाच प्रश्न ‘तर्फ’ या विभागाच्या आधारे सोडवला. कर्जत तालुक्यात आजही दहिवली तर्फ नीड आणि दहिवली तर्फ वरेडी अशी दोन गावे आहेत. बोलताना दोन्ही दहिवलीच. कागदावर मात्र तर्फेशिवाय चालत नाही. अन्यत्र खुर्द आणि बुद्रुक यांनी हेच काम केले. काही ठिकाणी फरक दाखवणारा शब्द नावातच मुरला. ठाण्याच्या घोडबंदर मार्गावरील कासारवडवली हे त्याचे ठळक उदाहरण. कल्याणच्या आंबिवली स्थानकाजवळही एक वडवली आहे, पण तिला असे विशेषण चिकटले नाही. सर्वत्र ओळखीची झालेली बोरिवली मुंबईतील. भिवंडी तालुक्यातील बोरिवलीचा उल्लेख करताना मात्र शेजारच्या पडघ्याचे नाव जोडावे लागते.

तीन आंबिवलींचे तीन इतिहास

एका नावामुळे तिन्ही गावांचा भूतकाळ सारखा असेल असे वाटू शकते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे.

साष्टीतील आंबिवली आजच्या अंधेरी पश्चिमेस होती. १५३४ च्या वसईच्या तहाने साष्टी पोर्तुगीजांकडे गेली आणि सुमारे दोनशे वर्षे त्यांच्या अमलाखाली राहिली. मराठ्यांनी ती १७३७ मध्ये घेतली व १७७४ मध्ये इंग्रजांनी जिंकली. कल्याणचा इतिहास निराळा आहे. तेथे निजामशाही संपल्यावर १६३६ पासून आदिलशाही अंमल होता आणि १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी काबीज केली. त्यामुळे पोर्तुगीज कागदांत आंबिवली हे नाव आढळल्यास प्रथम साष्टीकडे पाहावे लागेल. मोडी कागदांत आढळल्यास कल्याण की कर्जत हा प्रश्न सोडवावा लागेल. कागदाची भाषा आणि लिपी हीच येथे पहिली खूण ठरते.

कर्जत तालुक्यातील आंबिवली सह्याद्रीच्या पायथ्याशी, कोथळीगडाच्या खाली आहे. या गडास पेठचा किल्ला असेही म्हणतात. संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत, १६८४ मध्ये, तो मोगलांच्या हाती गेला. त्याहून कितीतरी जुना अवशेष म्हणजे गावाजवळील लेणे. जांबरुगनजीक, नदीच्या वळणावर उभ्या असलेल्या लांबट, बुटक्या टेकडीत हा बौद्ध विहार कोरलेला आहे. मधला मंडप प्रशस्त आहे. त्याच्या तीन बाजूंना प्रत्येकी चार, अशा एकूण बारा खोल्या आहेत. भिंतीलगत दगडी बाक आणि पुढे खांबांची ओसरी आहे. पावसाळ्यात एका जागी मुक्काम करणाऱ्या भिक्षूंसाठी नदीकाठची ही जागा सोयीची होती, हे पाहताक्षणी पटते.

जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या १८८२ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये या लेण्याचे वर्णन ठाणे जिल्ह्याच्या खंडात आहे, आणि ते बरोबरच आहे. कारण तेव्हा कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यात होता. १८९१ मध्ये तो कुलाबा जिल्ह्यास जोडण्यात आला आणि १९८१ पासून कुलाब्याचे नाव रायगड झाले. ‘आंबिवली लेणे, ठाणे जिल्हा’ एवढीच नोंद कोणी उतरवून घेतली, तर आजचा वाचक कल्याणपुढच्या स्थानकावर उतरून लेण्याचा शोध घेऊ लागेल. ही गल्लत निरुपद्रवी नाही. तिच्यामुळे एका गावाचा दोन हजार वर्षांच्या आसपासचा वारसा हिरावला जातो आणि दुसऱ्या गावाच्या माथी न केलेला इतिहास मारला जातो. शिवाय त्या दुसऱ्या गावाचा जो खरा इतिहास आहे, त्याकडे दुर्लक्ष होते ते वेगळेच.

कल्याणच्या आंबिवलीचा इतिहास लेण्यांचा नसून लोहमार्गाचा आणि कारखान्याचा आहे. कल्याण ते वासिंद हा लोहमार्ग १ ऑक्टोबर १८५५ रोजी सुरू झाला. आंबिवली याच टप्प्यात येते. स्थानकाला नाव देताना परिसरातील एकाच गावाचे नाव फलकावर येते आणि बाकीची गावे हळूहळू त्या नावाखाली जातात. मोहने, अटाळी, वडवली येथील रहिवासी बाहेरगावी आपला पत्ता सांगताना आंबिवली म्हणतात, तो याच कारणाने. मोहने येथे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कृत्रिम धाग्याचा कारखाना उभा राहिला आणि काळू-उल्हास खोऱ्यातील या शेतकरी गावांना कामगार वस्तीचे रूप आले. भोंग्यावर चालणारा हा दिनक्रम २००९ मध्ये कारखाना बंद पडल्यावर संपला. या कामगारांच्या दोन-तीन पिढ्यांचा इतिहास अजून पुरेसा लिहिला गेलेला नाही. खरे तर या गावाच्या वाट्याचे संशोधन तेच आहे.

नामसादृश्य आणि इतिहासलेखन

आंबिवलीचे उदाहरण लहान गावाचे आहे. मोठ्या नावांच्या बाबतीतही हाच घोटाळा होतो. ‘कल्याणचे चालुक्य’ असे वाचल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे खाडीकाठचे कल्याण उभे राहते. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात ज्याचा ‘कल्लिएना’ म्हणून उल्लेख आहे आणि कान्हेरीच्या लेखांत जेथील दात्यांची नावे आहेत, ते बंदर हेच. चालुक्यांची राजधानी मात्र बिदर जिल्ह्यातील कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण होय. दोहोंमध्ये अख्खा सह्याद्री आणि दख्खनचे पठार आहे.

माहीमविषयी गुंता अधिक आहे. वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये ‘महिकावतीची बखर’ संपादून प्रसिद्ध केली. उत्तर कोकणातील वसाहतीच्या अभ्यासासाठी हे महत्त्वाचे साधन आहे. परंतु महिकावती म्हणजे पालघरजवळचे केळवे-माहीम की मुंबईचे माहीम, हे बखरीतील प्रत्येक प्रसंगी तपासून घ्यावे लागते. १८८२ च्या गॅझेटियरमध्ये तर माहीम हे ठाणे जिल्ह्यातील एका तालुक्याचेच नाव आहे. तो तालुका पुढे पालघर म्हणून ओळखला जाऊ लागला आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. व्यक्तींच्या बाबतीतही बखरीतील बिंब राजा आणि यादव घराण्यातील भीमदेव यांच्याविषयी अभ्यासकांत मतभेद झाले, त्यामागे नावांचे साम्य हे एक कारण होते. राजवाडे यांनी ग्रामनामांना इतिहासाच्या साधनाचा दर्जा दिला, हे त्यांचे ऋण मोठे आहे. मात्र नाव हे साधन म्हणून वापरताना त्याच्या चतुःसीमा शिलाहारांच्या लेखकाइतक्याच काटेकोरपणे नोंदवणे आवश्यक असते.

जुन्या ठाणे जिल्ह्यातील कोणत्याही गावाविषयी लिहिताना तालुका, नोंदीचे वर्ष आणि त्या वर्षीचा जिल्हा या तिन्ही गोष्टी दिल्या, तर पुष्कळ घोटाळे टळू शकतात. १८९१, १९२० आणि २०१४ ही वर्षे त्यासाठी हाताशी ठेवावीत. १९२० मध्ये साष्टीचा दक्षिण भाग ठाण्यातून वेगळा होऊन मुंबई उपनगर जिल्हा बनला आणि तेथील आंबिवली ठाण्याच्या कागदांतून गेली. पुढे मुंबई वाढत गेली. शेते, वाड्या जाऊन इमारती आल्या. अंधेरी पश्चिमेच्या वीरा देसाई मार्गाच्या परिसरात राहणाऱ्या बहुसंख्य रहिवाशांच्या बोलण्यात आंबिवली हा शब्द येत नाही. तेथील मिळकतीच्या दस्तऐवजांत मात्र नगर भूमापन क्रमांकापुढे आजही लिहिलेले असते : मौजे आंबिवली, तालुका अंधेरी.